वाळूसाठी जुनी क्वाड : शिरपूरकरांच्या एका खरेदीचं प्रकरण

मागणी

शिरपूर तालुक्यातले दोघे चुलतभाऊ. घरची केळी, पपई, थोडा ऊस; दोघांच्याही बुलेट वर्षानुवर्षं माझ्याच धुळ्याच्या गॅरेजात येतात. जैसलमेरला फिरायला गेले तेव्हा सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर दोघांनी भाड्याची क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची, बाइकसारख्या हँडलवर चालवायची गाडी, चालवली. थोरल्याची हौस तिथेच फिटली. धाकट्याच्या डोक्यातून मात्र ती गाडी उतरेना. भाड्याच्या गाडीवर ठरलेल्या चकरा मारायच्या, मागून कॅम्पवाल्याचा पोरगा ओरडत येणार, आणि जरा उंच टेकडी दिसली की "उधर नहीं". त्याला स्वतःची गाडी हवी होती. हिवाळ्यात पिकअपमध्ये टाकून न्यायची, काही दिवस मनसोक्त चालवायची आणि परत आणायची. बजेट साडेतीन लाख, दुरुस्ती आणि टायर धरून.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं की जुनी गाडी घेताना आपल्याकडे जे बघितलं जातं (रंग, आवाज, पळालेले किलोमीटर), त्यातलं जवळजवळ काहीच वाळूच्या गाडीला लागू पडत नाही. या दोघांनी बघितलेल्या तीन गाड्यांपैकी दिसायला सगळ्यात चांगली होती ती सगळ्यात वाईट निघाली. आणि सगळ्यात चांगली होती ती घेता आली नाही.

आधी दोन गोष्टींचा निकाल लावून टाकला. थोरल्याचा पहिला प्रश्न होता, "अण्णा, मांगे पोऱ्याले बसाडता यी का?" नाही बसवता येत. स्पोर्ट क्वाडची सीट लांब असते ती दुसऱ्या माणसासाठी नव्हे. चढाला अंग पुढे आणि उताराला मागे सरकवायला चालवणाऱ्याला जागा लागते, म्हणून ती लांब असते. मागे माणूस बसला की वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे जातं आणि चढावर पुढची चाकं हवेत उठतात. दोघांना बसायचं असेल तर ती गाडी वेगळी.

दुसरा प्रश्न पासिंगचा. स्पोर्ट क्वाडला आपल्याकडे आरटीओ पासिंग नाही, ती रस्त्यावर आणायचीच नाही. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून पासिंग होईल अशी इथे आली होती खरी, पण ती युटिलिटी गाडी. बेल्टवर चालणारी, चारही चाकांना ओढ असलेली आणि अंगाने जड. वाळूच्या टेकडीवर उड्या मारायला हलकी, चेनवर फक्त मागची चाकं ओढणारी, हाताने क्लच दाबायची गाडी लागते. पासिंग नाही म्हणजे आरसी बुकही नाही. मालकी सिद्ध करायला उरतं ते फक्त बिल. हा मुद्दा पुढे महागात जाणार होता.

वाळू वाळूत फरक

धाकट्याचं म्हणणं होतं, गाडी कुठलीही असो, आधी तापीच्या पात्रात फिरवून बघू. मी नाही म्हणालो. एक तर पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या असतात, आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे नदीत कुठलंही चाक उतरलेलं दिसलं की तलाठ्याला फोन जातो; वाळूउपशाने सगळ्यांचेच कान टवकारलेले आहेत. पण खरं कारण यांत्रिक आहे. नदीची वाळू जाड, कोनदार आणि खाली ओलसर असते. तिचे कण एकमेकांत अडकतात आणि चाकाला धर मिळतो. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोलसर झालेली, बारीक आणि कोरडी असते, त्यामुळे ती चाकाखालून सरकते. तापीत तिसऱ्या गिअरवर मजेत चालणारी गाडी समच्या टेकडीवर त्याच गिअरमध्ये दम सोडू शकते.

बारीक वाळूचा दुसरा गुण जास्त घातक. ती मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे मोहच्या कठीणपणाच्या मापावर ७. ती फिल्टरच्या फटीतून आत गेली की पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्हच्या सीटा सगळ्यांना पॉलिश पेपरसारखी घासत जाते. बाहेरून काही कळत नाही. गाडी स्टार्ट होते, आवाजही बरा येतो, आणि एका हंगामात इंजिन संपतं.

आमच्याकडे इंजिन बसलं की मिस्त्री सहज म्हणतो, "बोअर मारू, ओव्हरसाइज पिस्टन टाकू." लोखंडी लायनरच्या गाड्यांना ते चालतं. आम्ही बघत होतो त्या क्वाडच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइड जातीचा कठीण थर दिलेला असतो. लेथवर बोअर मारला की तो थर जातो. मग नवा सिलिंडर आणा, पुन्हा थर चढवून घ्या किंवा स्लीव्ह घालायला चांगला कारागीर शोधा. धुळे-जळगावात बसून यातलं काहीही स्वस्तात होत नाही. म्हणजे वाळू खाल्लेलं इंजिन या बजेटला परवडणारच नव्हतं.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार आधी तोंड उघडून दात बघतो, रंग आणि चाल नंतर. क्वाडचे दात म्हणजे एअरबॉक्स, इंजिनाच्या हवेचा फिल्टर बसतो तो डबा.

पुण्याची वायएफझेड

पहिली गाडी पुण्यातली, कार्ब्युरेटरवाली यामाहा वायएफझेड ४५०. निळं प्लास्टिक चकाचक, नवं सीट कव्हर, भारी सायलेन्सर. मागणी तीन लाख दहा हजार. धाकट्याने व्हिडिओवर आवाज ऐकला आणि तिथेच जाहीर केलं, "अण्णा, हाईच लेवानी आते."

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. विकणारा म्हणाला, तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली. जुनी गाडी बघायला गेल्यावर मी आधी इंजिनावर हात ठेवतो, तो याचसाठी. थंड इंजिन कसं स्टार्ट होतं यात निम्मी माहिती असते आणि ती या माणसाने आधीच पुसून टाकली होती. पण या जातीच्या इंजिनाची उरलेली निम्मी माहिती उलट बाजूने मिळते. आम्ही गाडी चांगली दामटून फिरवली, बंद केली, थोडं थांबून पुन्हा सेल्फ मारला. नुसतं फिरत राहिलं. थ्रॉटल उघडून, विनवण्या करून कसंबसं लागलं.

वायएफझेडच्या हेडमध्ये पाच टायटॅनियम व्हॉल्व्ह असतात. हलके, म्हणून इंजिन वर वर रेस घेतं. पण त्यांच्या तोंडावरचा कठीण थर वाळूने घासला गेला की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी कमी होते. इंजिन तापलं की उरलेली फटही जाते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं. शिम (फट जुळवायची पातळ चकती) बदलून काही काळ भागतं. त्यानंतर हेडचं पूर्ण काम.

सीट उचलली. एअरबॉक्सला झाकणच नव्हतं. जास्त हवा मिळावी म्हणून काढलंय, असं उत्तर मिळालं. फिल्टर काढला तर तो कोरडा, तेलाचा मागमूस नाही. फोमच्या फिल्टरला तेल नसेल तर बारीक वाळूसाठी तो नसल्यातच जमा. मग फिल्टरच्या पलीकडे, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घालून आतल्या भिंतीवरून फिरवलं आणि ते बोट धाकट्याच्या अंगठ्यावर घासलं. करकर लागली. त्याने हात मागे घेतला आणि नवऱ्या मुलीसारख्या नटलेल्या त्या गाडीकडे पुन्हा बघितलंही नाही.

तिला रिव्हर्सही नाही. रेसट्रॅकवर त्याची गरज पडत नाही. टेकडीच्या पोटात नाक रुतलं तर मात्र पावणेदोनशे किलोच्या आसपासची गाडी मागे ओढायला दोन माणसं लागतात.

सुरतची रॅप्टर

दुसरी गाडी सुरतेत. यामाहा रॅप्टर ७००. वाळूसाठी यापेक्षा चांगली जुनी स्पोर्ट क्वाड शोधणं कठीण, हे मी बघण्याआधीच बोललो होतो आणि बघितल्यावरही तेच म्हणेन. ६८६ सीसीचं एकच भलंमोठं सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, पाच गिअर आणि रिव्हर्स. हिची ओढ खालूनच येते. रेस चढवत न बसता टेकडी चढते. डकार रॅलीत २००९ ते २०२४ क्वाडचा स्वतंत्र गट होता, त्यात वर्षामागून वर्ष रॅप्टर ७०० वर बांधलेल्या गाड्या जिंकत आल्या, ते उगाच नाही.

इंजिन निरोगी होतं. थंड असताना पहिल्या सेल्फला लागलं. एअरबॉक्सच्या कडांना ग्रीसचा पट्टा, फिल्टर चिकट तेलाने ओला, पलीकडची नळी स्वच्छ. गाडी कुणीतरी समजून वापरली होती. मागचं चाक स्टँडवर फिरवलं तेव्हा रिमची कड किंचित लचकत होती, म्हणजे ॲक्सल थोडा वाकलेला. उडीवरून एका चाकावर उतरलं की होतं. ते बदलता येतं.

मागणी सव्वापाच लाख. बोलाचालीत साडेचारपर्यंत आली. थोरला बजेट वाढवायला तयार झाला होता. मग मी कागद मागितले.

मिळाला तो एक साधा कागद, आधीच्या मालकाने रक्कम मिळाल्याची सही केलेला. त्याच्या आधीच्या मालकाचं काहीच नाही. ही गाडी बाहेरून आलेली. मग ती कस्टममधून कशी सुटली हे सांगणारी बिल ऑफ एन्ट्री कुठे आहे? "सगळ्यांच्या अशाच असतात, शेठ." चॅसी नंबर जिथे कोरलेला असतो तिथे नळीवर काळ्या रंगाचा ताजा थर होता. कापडाने पुसून बघितलं, आकडे भरून आलेले, दोन तर वाचता येईनात.

थोरल्याला वाटत होतं, रस्त्यावर आणायचीच नाही तर विचारणार कोण? विचारणारे आहेत. गाडी पिकअपवर चढवून धुळ्याहून जैसलमेरला न्यायची म्हणजे दोन राज्यांच्या सीमा ओलांडायच्या, आणि जायचं कुठे, तर पाकिस्तान सीमेच्या जिल्ह्यात. कस्टम्स ॲक्ट १९६२ खाली चोरट्या मार्गाने आलेला माल जप्त होतो. तो आज कुणाच्या हातात आहे आणि त्याने किती पैसे मोजले याने फरक पडत नाही. साडेचार लाख एका फोटोकॉपीवर सोडायला माझा नकार होता. परतीच्या वाटेवर नवापूरपर्यंत धाकटा बोलला नाही.

नाशिककडची झेड ४००

तिसरी गाडी बघायला कुणाचाच उत्साह नव्हता. नाशिकजवळच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची सुझुकी क्वाडस्पोर्ट झेड ४००. पिवळं प्लास्टिक उन्हाने पांढरं पडलेलं, एक मडगार्ड तारेने शिवलेलं, हँडलचे ग्रिप गुळगुळीत. गोल ट्रॅकवर पाहुण्यांना फिरवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. मागणी दोन लाख नव्वद.

पण ही सुझुकीने इथे अधिकृतपणे विकलेली गाडी. शोरूमचं मूळ बिल, रिसॉर्टच्या नावाने, त्यावर चॅसी आणि इंजिन नंबर, आणि दोन्ही गाडीवरच्या आकड्यांशी जुळणारे. थोरल्याने ते बिल दोनदा वाचलं.

३९८ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, इंजेक्शन, पाच गिअर, रिव्हर्स. एअरबॉक्स जसा कंपनीतून आला तसाच, झाकणासकट. बहुधा रिसॉर्टवाल्यांना तो उघडायचा कंटाळाच असावा. फिल्टर मळका होता, नाशिकच्या मातीने चॉकलेटी झालेला, पण तेल होतं. पलीकडच्या नळीत बोट फिरवलं, स्वच्छ.

एवढ्यावर मी थांबलो नाही. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर या इंजिनांचा भरवसा धरता येत नाही, कारण सेल्फला सोपं जावं म्हणून कॅमवर डिकॉम्प्रेशनची, म्हणजे थोडा दाब सोडून द्यायची, सोय असते आणि गेज मुळातच कमी दाखवतं. लीकडाऊन करावं लागतं: पिस्टन वर आणून सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, प्लगच्या भोकातून मोजून हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअरबॉक्समधून आली तर इनटेक, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इथे ब्रीदरमधून किंचित हवा येत होती, वापरलेल्या इंजिनात येते तेवढीच. बाकी सगळीकडे शांतता.

दोषही होतेच. थंड असताना डाव्या बाजूने खळखळ, म्हणजे कॅम चेनचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या आतल्या चेनचा) ऑटोमॅटिक टेन्शनर थकलेला. तसंच चालवलं तर एक दिवस चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. मागच्या ॲक्सलच्या बेअरिंगला प्ले, खालचे दोन्ही बॉल जॉइंट ढिले, चेन-स्प्रॉकेट संपलेलं. पुढच्या ए-आर्मच्या (पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांच्या) कानांशी आणि शॉकच्या वरच्या पकडीशी फ्रेमचा रंग खरवडून बघितला, तडा नव्हता. तिथे तडा असता तर बिल कितीही पक्कं असतं तरी मी उठलो असतो.

धाकट्याला ही गाडी मुळीच आवडली नव्हती. चारशे सीसीत काय होणार? मी त्याला सांगितलं की भाड्याने चालवलेली त्याची गाडी याच्या निम्म्या ताकदीचीही नसेल. शिवाय खळखळ, प्ले, संपलेली चेन, यातलं सगळं स्पॅनरने सुटतं आणि नवं बसतं. पुण्याच्या गाडीतला बिघाड तसा नव्हता.

दोषांची यादी समोर ठेवून बोललो. दोन लाख पस्तीस हजाराला सौदा झाला, पैसे बँकेतून, आणि रिसॉर्टच्या लेटरहेडवर दोन्ही नंबर लिहून विक्रीपत्र.

गॅरेजात

टेन्शनर हाताने घट्ट करायच्या जातीचा बसवला. ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये नवी बेअरिंग आणि सील. सील जुनं ठेवून नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे वाळूला आमंत्रण. बॉल जॉइंट, ओ-रिंगवाली चेन, आणि पुढची चक्री एक दात कमीची. पॅडल टायर, म्हणजे वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे वाळूचे टायर, वाळूत खूप ताकद खातात, गिअरिंग थोडं हळू केलं की चारशेचं इंजिन गुदमरत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. आता पंपावर ई-२० मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि वर्षातले दहा-अकरा महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी रिकामी करून ठेवणंच बरं.

खर्चातला सगळ्यात मोठा आकडा पॅडल टायरचा. मागच्या चाकांचे, वीस इंच उंचीचे, आठ पॅडलांचे, वेगळ्या रिमवर चढवलेले. म्हणजे डांबरी अंगणात जुने टायर आणि वाळूत हे. इथल्या दुकानात असलं काही मिळत नाही, बाहेरून मागवावे लागले आणि कुरिअर-ड्युटीनेच टोपी घातली. दहा-बारा पॅडलांचे घ्यायचा धाकट्याचा हट्ट होता. ते मोठ्या इंजिनाला ठीक; चारशेला जास्त पॅडल म्हणजे प्रत्येक चढावर गिअर खाली.

सायलेन्सर बदलायचा नाही, एअरबॉक्सचं झाकण काढायचं नाही, हे मी कामाआधीच कबूल करून घेतलं. सगळं मिळून गाडी तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास पडली. उरलेल्या पैशांत छातीचं गार्ड, गॉगल आणि आठ फुटी लवचीक काठीवरचा झेंडा. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला गाडीआधी झेंडा दिसतो. समोरून धडक नको असेल तर तो हवाच.

जैसलमेर

डिसेंबरात दोघं सुरत, अहमदाबाद, बाडमेर करत पोचले. सम आणि खुरीच्या लगत डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे, ३,१६२ चौरस किलोमीटरचं माळढोकाचं क्षेत्र. तिथे चाक घालायचं नाही, म्हणून ओळखीच्या कॅम्पवाल्याने दाखवलेल्या टेकड्यांवरच चालवायचं ठरलं होतं.

सकाळी दवाने वाळूचा वरचा थर जरा घट्ट असतो, तेव्हा गाडी छान चालली. दुपारी तीच टेकडी मऊ झाली. हवा चार-पाच पीएसआयवर उतरवली तेव्हा पुढची चाकं तरंगायला लागली. मधल्या टेकड्या तिसऱ्या गिअरमध्ये निघत होत्या. सगळ्यात उंच टेकडीला मात्र दुसरा गिअर आणि पूर्ण थ्रॉटल. कॅम्पवर एकाची रॅप्टर होती, ती बाजूने तिसऱ्यात सरळ निघून गेली. धाकट्याने तो व्हिडिओ मुद्दाम मला पाठवला.

थरच्या वाळवंटात जोराचा वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून येतो, त्यामुळे टेकडीची ती बाजू लांब आणि सौम्य, तर पलीकडची बाजू कोसळती, बत्तीस-चौतीस अंशांची. माथ्यावर वेगात सरळ जायचं नाही, तिरकं वळून कडेने चालत पलीकडे बघायचं, हे शंभरदा सांगितलेलं. तरी एका संध्याकाळी धाकटा सरळ गेला. नशीब की पलीकडे उतार छोटा होता. पुढची चाकं दांड्यापर्यंत रुतली, हँडलवर छाती आपटली, गार्डमुळे नुसता मुका मार. रिव्हर्स टाकून, थोरल्याने पुढून ढकलून गाडी निघाली. त्या रात्री थोरल्याचा फोन आला तेव्हा तो गाडीपेक्षा रिव्हर्सबद्दलच जास्त बोलत होता.

तेल लावलेले फिल्टर मी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून दिले होते, रोज रात्री एक बदलायचा. चेनला वाळूत तेल लावायचं नाही, तेलावर वाळू बसते. कोरड्या कापडाने पुसायची. गाडी परत आल्यावर पहिल्यांदा सीट उचलून नळीत बोट फिरवलं. स्वच्छ होतं. इंजिनाचं तेल काढून चुंबक फिरवला, धातूचा बारीक कीस नाही.

मागचा शॉक मात्र गळायला लागलाय. सीलचं किट मागवलंय, ते आलं की नायट्रोजन भरून घ्यायला पुण्याला पाठवावा लागेल. आणि शॉक निघालाच आहे तर स्विंगआर्मची बेअरिंगही खोलून ग्रीस करायची, टॅपेटची फट पुन्हा मोजायची. धाकट्याने बिग बोअर किटची, म्हणजे मोठ्या पिस्टन-सिलिंडरच्या संचाची, किंमत विचारली आहे. सिलिंडरच्या थराचं काय होतं ते त्याला पुन्हा सांगितलं, आणि थोरल्याच्या देखत सांगितलं.